गाळलेल्या सतरा ओळी

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे दशांशबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. हे नाव पडलं एका डॉक्टरमुळे. त्याने आपल्या अहवालात लिहिलं होतं, 'साधारण निम्मे रुग्ण बरे झाले.' बाईंनी ते खोडलं, वर '४३.६ टक्के' असं लिहिलं आणि भर मीटिंगमध्ये विचारलं, "निम्मे कसे? वरचे सहा पॉइंट चार टक्के तुम्ही घरून आणलेत का?"

बाई संख्याशास्त्राच्या. डॉक्टर संशोधन करतात, शेकडो पेशंटची माहिती जमवतात आणि ती सगळी शेवटी बाईंच्या टेबलावर येते. बाई ती कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरमध्ये घालतात आणि सांगतात, की या औषधाने खरंच फरक पडला, की जे दिसतंय तो नुसता योगायोग आहे. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, चादरींचं कोठार आणि जुन्या एक्स-रेंची खोली यांच्या मधोमध. एक टेबल, एक कॉम्प्युटर, घरघरणारा पंखा आणि खिडकीतून दिसणारी धोबीखान्याची मागची भिंत. दारावरच्या 'जीवसांख्यिकी विभाग' या पाटीतला 'जी' कधीचाच गळून पडला होता. नवीन माणूस दारात थांबून 'वसांख्यिकी, वसांख्यिकी' असं पुटपुटत उभा राहायचा, आणि आतून बाईंचा आवाज यायचा, "जीव गेलाय त्यातला. आत या."

वय बावन्न. उंची बेताची, केस आखूड, आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. वडील सरकारात वजनमापं तपासायचे. दुकानादुकानांत जाऊन तराजू उलटा करून बघायचे, खालून कुणी शिसं चिकटवलंय का ते. बाई म्हणायच्या, "आमच्या घरात कुणी खोटं बोललं तर आई दोन रट्टे द्यायची आणि सोडून द्यायची. कमी तोललं तर मात्र वडील जेवायचे नाहीत." नवऱ्याचं चष्म्याचं छोटं दुकान. माणूस इतका शांत, की दोघांत मिळून आवाजाचं प्रमाण बरोबर बसायचं. घरात सासूबाई, वय एक्याऐंशी, कानाने अधू आणि जिभेने तेज.

आणि मी कोण? मी हाडांच्या वॉर्डातली सिस्टर. वॉर्डात एखादं संशोधन चालू असलं की त्याचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. पेशंटला कुठला नंबर मिळाला, ऑपरेशन कधी झालं, घरी कधी गेला, आणि तिसाव्या दिवशी फोन करून विचारायचं, कसे आहात. हे सगळं मी एका वहीत लिहायची आणि मग फॉर्मवर उतरवायची. बाईंची आणि माझी ओळख त्या फॉर्मांवरूनच झाली. पहिल्याच भेटीत त्यांनी माझे अकरा फॉर्म परत केले. "सिस्टर, वजन दोन ठिकाणी वेगळं आहे. माणूस चार दिवसांत नऊ किलोने वाढत नाही." मला राग आला होता. नंतर आम्ही रोज डबा एकत्र खायला लागलो.

ज्या संशोधनावरून सगळं घडलं ते मांडीचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांवरचं होतं. अशा ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो आणि पायात रक्ताची गाठ होते. गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात. आमच्या वॉर्डाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांना एक नवीन गोळी तपासून बघायची होती. दोनशे चाळीस पेशंट. एकशे वीस जणांना गोळी, एकशे वीस जणांना जुनं इंजेक्शन. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटरने ठरवायचं. ती यादी बाईंनी स्वतः बनवली होती आणि आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती. दोन वर्षं काम चाललं.

दोन वर्षांनी एका मंगळवारी सकाळी सर स्वतः बाईंच्या खोलीत आले. हे आक्रितच. सरांबरोबर त्यांच्या हाताखाली शिकणारी एक तरुण डॉक्टर होती, तिला आम्ही छोट्या डॉक्टर म्हणायचो. हातात पेन ड्राइव्ह. मी त्या वेळी तिथेच होते, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन.

"मॅडम, माहिती तयार आहे," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात मोठी परिषद आहे. मला शुक्रवारपर्यंत निकाल हवा. आणि बघा हं, पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या आत यायला हवी."

ही पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते मला बाईंनी डबा खाता खाता शिकवलं होतं. दोन्ही औषधं अगदी सारखीच असती, तरी नुसत्या नशिबाने एवढा फरक दिसण्याची शक्यता किती, तो आकडा. पाच टक्क्यांच्या खाली आला की डॉक्टर खूश, लेख छापून येतो.

"यायला हवी म्हणजे?" बाई म्हणाल्या. "ती काय पाहुणी आहे, आग्रह केला की यायला?"

सर हसले. छोट्या डॉक्टर हसल्या नाहीत.

ते गेल्यावर बाईंनी फाइल उघडली. सॉफ्टवेअर उघडल्यावर त्यांचं पहिलं काम ठरलेलं. सरासरी नाही, टक्के नाही. आधी पेशंटचे नंबर क्रमाने लावून घ्यायचे आणि मधे कुठे तुटतंय का ते बघायचं. शेवटचा नंबर होता दोनशे चाळीस. ओळी होत्या दोनशे तेवीस.

"सतरा कमी," त्या म्हणाल्या.

"काही जण नंतर आलेच नसतील," मी म्हणाले. मी असं का म्हणाले, ते पुढे येईलच.

बाईंनी कपाट उघडलं, आपली यादी काढली आणि गाळलेल्या सतरा नंबरांवर बोट ठेवत गेल्या. चौदा गोळीवाले. तीन इंजेक्शनवाले.

"सिस्टर, माणसं हरवायची तर दोन्हीकडची सारखी हरवतात. कुणी गाव सोडतं, कुणाचा फोन बदलतो. त्यांना काय माहीत आपण कुठल्या रांगेत आहोत ते! इथे गोळीवालेच कसे हरवले? गोळीला पाय फुटले आणि त्यांना पळवून घेऊन गेली?"

बाईंनी आहे त्या दोनशे तेवीस ओळींवर हिशेब करून पाहिला. गोळीवाल्यांत एकशे सहामधल्या चौघांना गाठ झालेली, इंजेक्शनवाल्यांत एकशे सतरामधल्या चौदा जणांना. पी-व्हॅल्यू तीन टक्क्यांच्या आत. सरांना हवी होती तश्शी. पडद्यावरचा आकडा बघून बाईंच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली.

"किती गुळगुळीत आहे बघा," त्या म्हणाल्या. "खऱ्या माहितीला खडे असतात."

दुसऱ्या दिवशी त्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. तिथे एक फाइलवाले काका बसायचे. बावीस वर्षं त्या धुळीत काढलेले. हॉस्पिटलात पुन्हा दाखल झालेल्या प्रत्येक पेशंटची केस त्यांच्याकडे येते. बाईंनी सतरा जणांची यादी दिली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "यातले बरेचसे माझ्या ओळखीचे आहेत," ते म्हणाले. "दोनदा आलेत."

संध्याकाळपर्यंत टेबलावर केसपेपरांची चळत लागली. बाईंनी एकेक उघडून पाहिला. पोटात रक्तस्राव. पोटात रक्तस्राव. पायात गाठ. पोटात रक्तस्राव, मृत्यू. त्यातल्या काहींच्या कागदांना फॉर्मची कार्बन कॉपी टाचलेली होती, आणि त्या फॉर्मवर अक्षर माझं होतं.

गुरुवारी सकाळी मी वॉर्डात औषधांची ट्रॉली लावत होते. बाई आल्या. त्यांनी हाक मारली नाही. फक्त तो कार्बनचा कागद ट्रॉलीवर ठेवला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यात रक्तस्राव लिहिलाय. तारीख लिहिलीय. सही आहे. मग ही ओळ माझ्या फाइलीत का नाही?"

मला लपवता येत नाही. मी सांगून टाकलं. संशोधन सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले होते, घरी गेलेला पेशंट त्रास होऊन पुन्हा दाखल झाला, की तो फॉर्म नेहमीच्या गठ्ठ्यात घालू नका. वेगळ्या पाकिटात घालून माझ्या हातात द्या. मी जातीने बघीन. मी दिले. दोन वर्षांत चौदा वेळा दिले.

"चौदा वेळा," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं. पण सर म्हणाले..."

"वाटलं!" त्यांचा आवाज असा चढला, की तीन नंबरच्या पलंगावरची आजी उठून बसायला लागली. "वाटून काय केलंत? रोज माझ्यासमोर बसून डबा खात होता तुम्ही! एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं, की बाई, मी पाकिटं देतेय. मी काय सरांना जाऊन चहाडी केली असती? की तुमची नोकरी खाल्ली असती?"

"मला वाटलं, ते तुमच्याकडे पाठवतील."

"खोटं बोलू नका. तुम्हाला तसं वाटलं असतं, तर परवा माझ्यासमोर 'आलेच नसतील' म्हणाला नसता."

त्या गेल्या. मी गोळ्यांचे कप दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे भरले. राग मलाही आला होता, आधी त्यांचा, मग सरांचा, आणि सगळ्यात शेवटी, घरी गेल्यावर, स्वतःचा. दुसऱ्या दिवशी मी माझी फोनची वही नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यात प्रत्येक तिसाव्या दिवसाचा फोन होता. कोण काय बोललं, ते जसंच्या तसं. बाईंनी वही घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. नऊ दिवस आम्ही वेगवेगळ्या ठिकाणी डबा खाल्ला.

वही आणि केसपेपर मिळून चित्र पूर्ण झालं. सतरांपैकी खरोखर हरवलेले तिघेच. एकजण गोळीवाला, दोघं इंजेक्शनवाले. त्यांचे फोन लागत नव्हते. बाकी चौदा जण कुठेही गेले नव्हते. गोळीवाल्यांतल्या नऊ जणांच्या पोटात रक्तस्राव झाला होता, त्यातले तिघं वारले होते. आणखी चौघांना तीच गाठ झाली होती, जी गोळीने थांबायला हवी होती. इंजेक्शनवाल्यांतला एक रक्तस्रावाचा. बाईंनी सगळ्या ओळी परत घातल्या आणि पुन्हा हिशेब केला. गाठींच्या फरकाची पी-व्हॅल्यू अठरा टक्क्यांवर गेली, म्हणजे छातीठोकपणे काहीच म्हणता येईना. रक्तस्राव मात्र गोळीकडे चौदा, इंजेक्शनकडे पाच. आणि त्या फरकाची पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या आत होती.

शुक्रवारी त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, पण अर्धं तर दाराबाहेरच ऐकू येत होतं.

सर आधी गोड बोलले. "मॅडम, ते पेशंट नियमात बसत नव्हते. काहींनी गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत. काहींना आधीच पोटाचा त्रास असणार. म्हातारी माणसं, काही ना काही होतंच."

"मग तसं लिहा आणि ओळी ठेवा. चिठ्ठीत ज्याला जी रांग निघाली, तो शेवटपर्यंत त्या रांगेतला. गोळी घेऊन माणूस मेला म्हणून तो रांगेतून बाहेर जात नाही. उलट तेवढ्यासाठीच तर रांग लावली होती!"

"तुम्ही आकड्यांचं बघा. वैद्यकीय निर्णय माझे."

"वैद्यकीय निर्णय? डिलीटचं बटण दाबणं हा वैद्यकीय निर्णय?"

मग सरांचा आवाज बदलला. "हे बघा, सॉफ्टवेअर आता सगळ्यांच्या लॅपटॉपवर आहे. चार बटणं दाबायची की निकाल येतो. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "त्या सॉफ्टवेअरला तुम्ही काहीही घाला, ते कुरकुर न करता गणित करून देतं. मेलेली माणसं कुठे गेली असं ते विचारत नाही. म्हणूनच तुम्हाला ते आवडतं आणि मी आवडत नाही."

घरी त्या संध्याकाळी बाईंनी जेवताना हे सगळं सांगितलं. नवऱ्याने जेवण थांबवून ऐकलं. सासूबाईंना अर्धंच ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे वहीतून माणसं पुसली?"

"हो आई. पुसली."

"जिवंत का मेलेली?"

"दोन्ही."

सासूबाई थोडा वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कधी पडले तर मला त्या दवाखान्यात नेऊ नका. आणि तू उद्या जाताना ती गुलबट साडी नेसू नकोस. तीत तू भांडखोर वाटत नाहीस."

बाई हे सांगताना हसल्या होत्या. त्या सगळ्या महिन्यात मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं.

सरांनी खरंच दुसरीकडून काम करून घेतलं. तीन आठवड्यांनी परिषदेची छापील पुस्तिका आली, त्यात आमच्या संशोधनाचा सारांश होता. 'नवीन गोळी सुरक्षित आणि अधिक परिणामकारक.' संशोधकांच्या नावांत चौथं नाव बाईंचं होतं.

मी तोवर त्यांच्याशी बोलायला लागले होते. म्हणजे मी बोलायची आणि त्या 'हूं' म्हणायच्या. पुस्तिका मीच नेऊन दाखवली. त्यांनी वाचली, मिटली, पुन्हा उघडून वाचली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मान खालून वर लाल होत गेली.

"माझं नाव," त्या म्हणाल्या. "तराजूखाली शिसं लावायचं आणि वर माझ्या नावाचा शिक्का मारायचा!"

त्यांनी तिथल्या तिथे दोन पत्रं लिहिली. एक परिषदेच्या आयोजकांना: माझं नाव काढा, आणि का काढा ते सोबत जोडलं आहे. दुसरं आमच्या हॉस्पिटलच्या नीतिमत्ता समितीला. पेशंटवर होणाऱ्या प्रत्येक संशोधनाला हीच समिती परवानगी देते. दोन्ही पत्रांना दोन्ही हिशेब जोडले, सतरा ओळींसकट आणि सतरा ओळींवाचून, पेशंटची नावं न घालता. मी म्हटलं, एकदा झोपून उठा आणि मग पाठवा. त्या म्हणाल्या, "मी गेले तीन आठवडे झोपूनच उठतेय."

समितीच्या अध्यक्षांनी आधी आठ दिवस काही केलं नाही. मग बाईंना बोलावून समजूत घालू लागले. घरातली गोष्ट घरात ठेवू, सर मोठे माणूस आहेत, हॉस्पिटलच्या नावाचा प्रश्न आहे. बाईंनी विचारलं, "समितीची बैठक केव्हा?" ते म्हणाले, बघू. बाई म्हणाल्या, "मी इथेच बसते. तुम्ही बघा." आणि खरंच बसल्या, सकाळी दहापासून दुपारी अडीचपर्यंत, अध्यक्षांच्या केबिनमधल्या पाहुण्यांच्या सोफ्यावर, फाइल मांडीवर घेऊन. अडीच वाजता त्यांना तारीख मिळाली.

बैठकीला मलाही बोलावलं होतं, पाकिटांबद्दल सांगायला. लांबट टेबल, सात माणसं, पाण्याच्या बाटल्या. सरांनी आधी वीस मिनिटं भाषण केलं, पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी एकही आलेख दाखवला नाही. उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या.

"क्रमांक एकोणीस. निवृत्त शिंपी. वय बहात्तर. गोळी. दहाव्या दिवशी शौचाला काळं. बाराव्या दिवशी दाखल. चौदाव्या दिवशी मृत्यू. फाइलीत नाही. क्रमांक अठ्ठावीस. शाळेतल्या शिक्षिका. वय अडुसष्ट. गोळी. सतराव्या दिवशी रक्ताची उलटी. चार बाटल्या रक्त दिलं. वाचल्या. फाइलीत नाही. क्रमांक एकेचाळीस..."

"याची गरज आहे का?" सर मधेच म्हणाले. "हा काय तमाशा आहे!"

"सतराच ओळी आहेत सर. तुम्ही पुसताना कंटाळला नाहीत, तर ऐकताना का कंटाळता?" आणि त्या पुढे वाचत गेल्या. प्रत्येकाच्या शेवटी 'फाइलीत नाही.'

मी माझी पाकिटं सांगितली. सर म्हणाले, "सिस्टरांचा गैरसमज झाला असेल. फाइल तर ज्युनिअर डॉक्टरांनी भरली. त्यांच्या हातून काही राहिलं असेल." असं म्हणून त्यांनी हात झटकले.

छोट्या डॉक्टर टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. दीड वर्षाची त्यांची मेहनत, पुढची परीक्षा, सगळं सरांच्या सहीवर अडलेलं. मला वाटलं, ही पोर आता खाली बघेल. ती उभी राहिली.

"राहिलं नाही सर. मी भरलं होतं. तुम्ही कागदावर नंबर लिहून दिलेत, हे काढ म्हणून. मी काढले." तिने फोन पुढे केला. "मी कागदाचा फोटो काढून ठेवला होता. भीती वाटत होती म्हणून."

फोटोत सरांचं अक्षर होतं. सतरा नंबर, खाली एक रेघ. तिघा खऱ्या हरवलेल्यांचे नंबर त्यांनी चौदांमध्ये मिसळून टाकले होते, दिसायला बरं दिसावं म्हणून.

पुढे काय झालं, ते मी सरळ सांगते. संशोधन बाद ठरलं. परिषदेने सारांश मागे घेतला. वॉर्डात ती गोळी नेहमीसाठी सुरू करायचं ठरलेलं होतं, ते रद्द झालं. छोट्या डॉक्टरांना दुसऱ्या विभागात दुसरे मार्गदर्शक मिळाले, एक वर्ष वाया गेलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती. आणि सर? सरांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा दिला. त्यांना निरोप समारंभ झाला. हॉलमध्ये, पुष्पगुच्छ, भाषणं, फोटो. दोन महिन्यांत ते दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात रुजू झाले, इथल्याहून मोठ्या केबिनमध्ये.

बाईंना निरोप समारंभाचं बोलावणं नव्हतं. त्या तरी गेल्या. मागच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा घडी सोडली नाही. बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणाल्या, "तीन माणसं मेली आणि याला फुलं. आणि मला काय वाटलं माहितीय? वाटलं, तिथे वर जाऊन तो गुच्छ घ्यावा आणि धोबीखान्याच्या गटारात टाकावा. मी का नाही टाकला, सिस्टर?"

"बरं झालं नाही टाकलात."

"बरं नाही झालं," त्या म्हणाल्या.

त्यांची कुणी पाठ थोपटली नाही. निम्मे डॉक्टर, साधारण निम्मे म्हणत नाही, मोजून एकोणतीसमधले तेरा, आता आपली माहिती त्यांच्याकडे आणत नाहीत. बाहेरून करून घेतात. जे आणतात, त्यांना त्या आधी विचारतात, "नंबर सलग आहेत?"

समितीने पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना पत्रं पाठवायचं ठरवलं, हाही बाईंचाच हट्ट. मसुदा आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, 'अभ्यासादरम्यान काही प्रतिकूल घटनांची नोंद अपूर्ण राहिल्याचे निदर्शनास आले आहे.' बाईंनी ते वाक्य काट मारून उडवलं. खाली लिहिलं, 'तुमच्या माणसाच्या पोटात रक्तस्राव झाला. तो या गोळीमुळे झालेला असू शकतो. ही गोष्ट आम्ही आमच्या कागदातून काढून टाकली होती. ती चूक नव्हती, ते जाणूनबुजून केलं होतं.' चार वेळा मसुदा गेला आणि परत आला. वकिलांनी 'जाणूनबुजून' काढलं, बाईंनी घातलं, वकिलांनी काढलं. शेवटी तो शब्द राहिला नाही. बाकीचं राहिलं.

पत्रं गेल्यावर दहाबारा दिवसांनी एक स्त्री आली. चाळिशीची, अंगावर कुठल्या तरी ऑफिसचा गणवेश, हातात पत्र. शिंप्याची मुलगी. पत्राखाली संपर्कासाठी बाईंच्या खोलीचा नंबर होता, म्हणून सरळ तिथेच आली. मी आत होते.

"हे तुम्ही लिहिलंत?" तिने विचारलं.

"हो."

"माझे बाबा जाऊन दोन वर्षं होऊन गेली. मी एवढे दिवस स्वतःला दोष देत होते. मला वाटत होतं, मी त्यांना डोकेदुखीची गोळी दिली ना, त्याने झालं. भावाने मला तोंडावर सुनावलं, तू मारलंस म्हणून. आम्ही बोलत नाही एकमेकांशी. आणि तुम्ही आता पत्र पाठवता? आता? तुमच्याकडे कागद होता ना? लिहिलेलं होतं ना?"

मला वाटलं, बाई सांगतील, की मी नव्हते, मीच तर शोधून काढलं. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. उभ्या राहून ऐकत होत्या. ती मुलगी ओरडत होती, रडत होती, टेबलावर हात आपटत होती. शेजारच्या कोठारातून दोघी जणी डोकावून गेल्या. मी मधे पडायला गेले, तेव्हा बाईंनी मला हाताने थांबवलं. "ओरडू द्या त्यांना."

मुलगी थकून थांबली. मग मी बोलले. मला बोलायलाच हवं होतं. "कागद मी लिहिला होता ताई. आणि पाकिटात घालून दुसऱ्याला दिला."

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरले नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही.

बाईंनी तिला पाणी दिलं, पत्र तिच्या हातातून घेऊन व्यवस्थित घडी केली आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." तिघी जिना चढून वरच्या मजल्यावर गेलो. समितीच्या अध्यक्षांच्या दारावर शिपाई होता. म्हणाला, साहेब कामात आहेत, वेळ घेतलीय का? बाईंनी त्याच्या बाजूने हात घालून दार उघडलं.

अध्यक्ष फोनवर होते. बाईंनी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून मुलीला बसवलं.

"या क्रमांक एकोणीसच्या कन्या," त्या म्हणाल्या. "मला जे सांगितलं, ते यांना तुम्हाला सांगायचंय. सगळं. त्यांच्या भावाला काय सांगायचं, तेही तुम्ही यांना लिहून द्यायचंय, हॉस्पिटलच्या कागदावर, तुमच्या सहीने. आणि या वेळी 'निदर्शनास आले' वगैरे नको."

अध्यक्षांनी फोन खाली ठेवला. "बाई, आत्ता माझी एक..."

"रद्द करा," बाई म्हणाल्या, आणि आतून दाराला कडी घातली.

मुलीने पत्र टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली: बाबा सकाळी उठले, म्हणाले डोकं दुखतंय.